कोंड्यावरचं तेल: वास किती, औषध किती?

डोक्यात कोंडा झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला ठरलेला असतो: "डोकं कोरडं पडलंय, जरा तेल लाव." सल्ला मायेचा खरा, पण त्यात एक गोची आहे. कोंड्याला जिचा हातभार लागतो ती बुरशी मुळात तेलावरच जगते. प्रयोगशाळेत तिला वाढवायचं तर ऑलिव्ह तेलासारखं काहीतरी स्निग्ध खाद्य पुरवावं लागतं. ते नसेल तर डोक्यावरच्या या बुरशीची वाढच होत नाही.

तरीही कोंड्यावरच्या शाम्पूच्या बाटल्यांवर आज तेलांचीच नावं झळकतात. टी ट्री, लेमनग्रास, रोझमेरी, लवंग, पुदिना. मग ही तेलं बुरशीला पोसतात की मारतात? उत्तर सोपं आहे, कारण ही तेलं वेगळ्याच जातीची आहेत. खोबरेल, तिळाचं, करंजाचं, कडुनिंबाचं ही बिया किंवा फळं पिळून काढलेली तेलं. कागदावर त्यांचा थेंब पडला तर डाग कायमचा राहतो. सुगंधी तेलं बहुतेक वेळा पानं, फुलं, साली यांच्यातून वाफेच्या साहाय्याने काढतात. त्यांचा थेंब कागदावरून हळूहळू उडून जातो. पहिल्या तेलांत मेदाम्लं असतात, म्हणजे बुरशीचं अन्न. दुसऱ्यांत टर्पिन वर्गातली लहान लहान, तिखट वासाची रसायनं असतात आणि त्यांतली बरीचशी बुरशीला सोसत नाहीत.

तेव्हा सुगंधी तेलं बुरशी मारतात का, हा वाद फारसा उरलेला नाही. खरा प्रश्न पुढचा आहे. जी बाटली आपण पैसे मोजून घरी आणतो तिच्यात ती पुरेशी असतात का, आणि डोक्यावर पुरेसा वेळ टिकतात का?

तेलावर जगणारी बुरशी

१८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच डॉक्टराने कोंड्याच्या खपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि त्यांत यीस्टसारख्या गोलसर पेशींचं वर्णन केलं. १८८९ मध्ये त्याच्याच नावावरून या बुरशीच्या कुळाला 'मालासेझिया' हे नाव मिळालं. पण ही बुरशी कोंड्याचं कारण आहे की तिथे नुसती हजर आहे, यावर पुढे कित्येक दशकं वाद चालला, कारण ती कोंडा नसलेल्या डोक्यावरही सापडते. १९८० च्या दशकात किटोकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं आली. त्यांनी बुरशी कमी केली की कोंडाही कमी होतो असं दिसलं, आणि वादाचं पारडं एका बाजूला झुकलं.

डोक्यावर या कुळातल्या दोन जाती प्रामुख्याने असतात: मालासेझिया रिस्ट्रिक्टा आणि मालासेझिया ग्लोबोसा. २००७ मध्ये ग्लोबोसाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा तिच्या खाण्याच्या सवयीचं कोडं सुटलं. मेदाम्लं स्वतः तयार करण्यासाठी लागणारं जनुकच तिच्याकडे नाही. त्याऐवजी मेद फोडणारी लायपेज नावाची विकरं ती भरपूर सोडते. आपल्या डोक्याच्या त्वचेतून सतत सीबम नावाचा तेलकट स्राव पाझरत असतो. ही विकरं तो फोडतात. बुरशी त्यातली संपृक्त मेदाम्लं उचलते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्लं त्वचेवर तशीच टाकून देते.

हा उरलेला भागच त्रासाचं मूळ. ओलेइक आम्ल त्वचेच्या वरच्या थरात शिरून तिचं संरक्षक आवरण ढिलं करतं. काहींच्या त्वचेला त्याचं काहीच वाटत नाही, तर काहींची त्वचा चिडते, खाजते आणि घाईघाईने नव्या पेशी बनवू लागते. पुरत्या न पिकलेल्या पेशींचे पुंजके खपल्यांच्या रूपाने गळतात, तोच कोंडा. म्हणूनच एकाच घरात, एकच तेल आणि एकच साबण वापरणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या शर्टाच्या खांद्यावर पांढरा चुरा दिसतो, दुसऱ्याच्या नाही. कोंडा साधारणपणे वयात येताना सुरू होतो, तोही याचमुळे: तेलग्रंथी तेव्हाच जोमाने कामाला लागतात.

मग खोबरेल लावायचंच नाही का? तसं सरसकट म्हणता येणार नाही. केसांच्या दांड्याला खोबरेलाचा फायदा होतो. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने केसांतल्या प्रथिनांची झीज कमी झाल्याचं दिसलं. सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांना ते जमलं नाही. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीचा आहे हे लक्षात ठेवावं, पण त्यातलं कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने केसात शिरू शकतो. डोक्याच्या त्वचेबाबतही २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतीय स्त्रियांवरच्या एका अभ्यासात खोबरेलाचे काही चांगले परिणाम नोंदले गेले. तरी ज्यांचं डोकं आधीच तेलकट आहे आणि कोंडा हटत नाही, त्यांनी रात्रभर तेल थापून ठेवण्यात शहाणपण नाही. अशांनी तेल केसांच्या लांबीला लावावं, मुळांशी चोळू नये.

वाफेतून निघणारं औषध

सुगंधी तेल वनस्पती स्वतःच्या सोयीसाठी बनवते. कीड, बुरशी आणि चरणारी जनावरं दूर ठेवायला ते तिला उपयोगी पडतं. पानाच्या सूक्ष्म ग्रंथींत किंवा पेशींत ते साठलेलं असतं. परसातल्या गवती चहाची, म्हणजेच लेमनग्रासची, पात चुरगळली की लिंबासारखा वास येतो, तो त्या पेशी फुटल्यामुळे.

शेतावरची तेल काढण्याची भट्टी पाहिली की हे तेल किती थोडं असतं ते कळतं. कापलेलं गवत काही तास सावलीत सुकवतात, मग स्टीलच्या टाकीत दाबून भरतात. खालून बॉयलरची वाफ सोडली की ती गवतातून वर जाताना तेल सोबत घेते. ही मिश्र वाफ थंड पाण्यातल्या नळीतून नेली की तिचं पाणी होतं आणि शेवटच्या भांड्यात पाण्यावर पिवळसर तेलाचा थर तरंगू लागतो. एक टन हिरव्या गवतापासून साधारण तीन ते पाच किलो तेल मिळतं. बाकी सगळा चोथा.

या तेलाचा सुमारे तीनचतुर्थांश भाग सिट्रल या एकाच रसायनाचा असतो. भारतात गवती चहाच्या तेलाचा धंदा केरळात रुजला. जगाच्या बाजारात ते एके काळी 'कोचीन ऑइल' म्हणून विकलं जायचं. तिथल्या ओडक्कली या गावी १९५१ पासून सुगंधी वनस्पतींचं संशोधन केंद्र आहे आणि 'सुगंधी' हे लोकप्रिय वाण तिथलंच.

महाराष्ट्राचाही या व्यवहारात वाटा आहे. खानदेशात आणि सातपुड्याच्या उतारांवर रोशा गवत आपसूक उगवतं. त्याचं तेल काढण्याचा उद्योग इथे जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. भेसळ खपायची, कारण रोशाच्या तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑल गुलाबातही असतो. हेच जिरॅनिऑल बुरशीविरुद्धही चांगलं काम करतं.

ऑस्ट्रेलियातल्या टी ट्रीचं नाव आज सगळ्यांत मोठं आहे. आपल्या चहाच्या झुडपाशी त्याचा काही संबंध नाही. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातल्या दलदलीच्या जमिनीवर वाढणारं हे झाड, मेलाल्युका अल्टर्निफोलिया. तिथले बंडजलंग आदिवासी त्याची पानं ठेचून जखमांवर लावत. १९२० च्या दशकात सिडनीतले रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी त्याच्या तेलाची तपासणी केली. त्या काळचं प्रमाणभूत जंतुनाशक म्हणजे कार्बोलिक आम्ल. हे तेल त्याच्या सुमारे अकरा पट प्रभावी ठरलं. पुढे अँटिबायोटिक्स आली, तेल मागे पडलं आणि गेल्या शतकाच्या अखेरीस परत बाजारात आलं. आज त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे: त्यात टर्पिनेन-४-ऑल हा बुरशीनाशक घटक ३५ ते ४८ टक्के असावा लागतो.

बुरशी मरते ती कशी?

बुरशीच्या पेशीभोवतीच्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा मेद असतो. माणसाच्या पेशीत त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असतं. हा फरक औषधांच्या फार कामाचा आहे. किटोकोनॅझोलसारखी औषधं अर्गोस्टेरॉल तयार करणारं विकर बंद पाडतात, म्हणजे भिंतीला लागणाऱ्या विटाच मिळू देत नाहीत. सुगंधी तेलं उभ्या भिंतीलाच भगदाड पाडतात. टर्पिनं मेदात सहज विरघळतात, म्हणून ती पटलात घुसतात, त्याचे थर विस्कटतात आणि पेशीतला ऐवज बाहेर गळायला लागतो. कँडिडा नावाच्या यीस्टवर जिरॅनिऑल टाकून पाहिलं, तेव्हा पेशीतलं पोटॅशियम बाहेर झिरपताना आढळलं. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल यांचा मारा थोड्याफार फरकाने याच जागी असतो.

इथेच या तेलांची ताकद आणि धोका दोन्ही आहेत. एकाच विकरावर नेम न धरता पूर्ण पटलावर हल्ला केल्याने बुरशीला त्यातून पळवाट काढणं अवघड जातं. पण मेदात घुसणारं रसायन माणसाची पेशी आणि बुरशीची पेशी यांत फार भेद करत नाही. मात्रा वाढली की आपल्या त्वचेचीही आग होते. लवंग, ओवा आणि दालचिनी यांची तेलं प्रयोगशाळेत जबरदस्त दिसतात, पण डोक्यावर त्यांचा वापर जपून करावा लागतो, तो यामुळेच.

काचेच्या बशीतून डोक्यावर

'अमुक तेलाने बुरशी मरते' असं सांगणारे बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत झालेले असतात. बशीत तेल आणि बुरशी तास न् तास एकत्र असतात, वर झाकण असतं, वास उडून जात नाही. डोक्यावर यातलं काहीच नसतं. शाम्पू लावला, फेस केला, धुतला, की दोन मिनिटांत खेळ आटोपतो. शिवाय शाम्पूतली फेस आणणारी द्रव्यं तेलाला सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळून ठेवतात. त्यांचं कामच ते: तेल पकडायचं आणि पाण्याबरोबर वाहून न्यायचं. त्यामुळे शाम्पूतलं बरंचसं सुगंधी तेल बुरशीपर्यंत न पोचता मोरीत जातं.

म्हणूनच प्रत्यक्ष माणसांवर झालेल्या चाचण्यांना किंमत आहे, आणि त्या मोजक्याच आहेत. २००२ मध्ये सिडनीतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेली चाचणी सगळ्यांत जास्त उद्धृत होते. सौम्य ते मध्यम कोंडा असलेले १२६ जण. एका गटाला ५ टक्के टी ट्री तेल असलेला शाम्पू, दुसऱ्याला तेल नसलेला. रोज लावायचा, तीन मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. चार आठवड्यांनी पहिल्या गटात कोंड्याची तीव्रता ४१ टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात ११ टक्क्यांनी. तेल उपयोगी पडलं हे स्पष्ट आहे. पण कोंडा निम्म्यानेही घटला नाही हेही तितकंच स्पष्ट आहे, आणि नुसतं नियमित डोकं धुण्यानेही थोडा फरक पडतो, हा त्यातला फुकटचा धडा.

दुसरा अभ्यास थायलंडमधला, २०१५ चा. तिथे शाम्पूऐवजी लावून ठेवायचं हेअर टॉनिक वापरलं, ज्यात ५, १० आणि १५ टक्के गवती चहाचं तेल होतं. १० टक्क्यांचं टॉनिक सरस ठरलं: सात दिवसांत कोंडा ७५ टक्क्यांनी, चौदा दिवसांत ८१ टक्क्यांनी कमी. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यात फक्त ३० जण होते आणि अवधी दोनच आठवड्यांचा. १५ टक्क्यांनी १० टक्क्यांहून जास्त काम केलं नाही, हे विशेष. म्हणजे 'जेवढं जास्त तेवढं चांगलं' हा हिशेब इथे चालत नाही.

रोझमेरीचं नाव सध्या रील्समध्ये गाजतं आहे. २०१५ च्या एका इराणी चाचणीत केसगळतीवर त्याची तुलना २ टक्के मिनॉक्सिडिल या औषधाशी झाली आणि सहा महिन्यांनी दोन्ही बरोबरीची ठरली. पण ती चाचणी केसगळतीची होती, कोंड्याची किंवा बुरशीची नव्हे. एका कामाचं प्रमाणपत्र दुसऱ्या कामासाठी दाखवायचं, ही जाहिरातीची जुनी युक्ती.

थेंबांचा हिशेब

'शाम्पूत टी ट्रीचे दहा थेंब टाका' हा घरगुती नुस्खा सगळीकडे ऐकू येतो. जरा मोजून पाहू. ड्रॉपरचे साधारण वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर. दहा थेंब म्हणजे अर्धा मिलिलिटर. २०० मिलिलिटरच्या बाटलीत तो टाकला तर प्रमाण झालं पाव टक्का. सिडनीच्या चाचणीत होतं ५ टक्के, म्हणजे वीस पट. तेवढं गाठायला त्याच बाटलीत दोनशे थेंब लागतील. ते घरी करू नये, कारण एवढं तेल शाम्पूत नीट मिसळेलच असं नाही, आणि मिसळलं नाही तर एखाद्या दिवशी ते थेट त्वचेवर येईल.

विकतच्या बाटलीचा अंदाज लेबलावरून येतो. आपल्याकडच्या नियमांनुसार १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. यादीत फिनॉक्सीइथेनॉल हे नाव शोधा. हे टिकाऊपणासाठी घालतात आणि ते जास्तीत जास्त १ टक्काच घालायची परवानगी आहे. तेव्हा टी ट्री किंवा लेमनग्रास त्याच्यानंतर लिहिलं असेल, तर त्या तेलाचं प्रमाण १ टक्क्याच्या वर नाही हे नक्की. बाटलीच्या दर्शनी भागावर पानाचं चित्र कितीही मोठं असो. याउलट आयुर्वेदिक परवान्यावर विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत घटकांचं प्रमाण बहुधा आकड्यांत दिलेलं असतं, ते वाचावं.

उत्पादक वनस्पतींकडे वळत आहेत याला ग्राहकांची हौस एवढंच कारण नाही. कोंड्याच्या शाम्पूंतलं सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे झिंक पायरिथिऑन. युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी घातली. भारतात ते चालू आहे. पर्यायाच्या शोधात सुगंधी तेलांना नवं महत्त्व आलं ते असं.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

सुगंधी तेलं हवा आणि उजेड लागला की बिघडतात. लॅव्हेंडरमधलं लिनॅलूल, संत्र्या-लिंबाच्या सालीतलं लिमोनिन हे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून हायड्रोपेरॉक्साइडं बनवतात आणि त्यांची ॲलर्जी मूळ तेलापेक्षा कितीतरी जास्त होते. जुनं टी ट्री तेलही असंच त्रासदायक ठरतं. म्हणून बाटली गडद काचेची हवी, झाकण घट्ट हवं, आणि वर्षानुवर्षं कपाटात पडलेली बाटली टाकून द्यावी. युरोपात असे ॲलर्जीकारक सुगंधी घटक ठरावीक प्रमाणाच्या वर असले तर लेबलावर त्यांची नावं छापावी लागतात.

नवं उत्पादन वापरण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस पाहावं. शुद्ध तेल थेट डोक्यावर ओतू नये. आणि कापूर, निलगिरी, टी ट्री यांच्या बाटल्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत: थोडंसं पोटात गेलं तरी मुलांना विषबाधा होऊ शकते, कापराने तर झटकेही येऊ शकतात. उवांसाठी किंवा कोंड्यासाठी तान्ह्या बाळाच्या डोक्याला कापूर घातलेलं खोबरेल लावण्याची चाल अजून काही घरांत आहे. ती सोडलेली बरी.

आणखी एक गल्लत टाळायला हवी. शाळकरी मुलाच्या डोक्यावर खपल्यांसह गोल चट्टा पडला, तिथले केस तुटके दिसू लागले, तर तो कोंडा नसून बहुधा डोक्यावरचं गजकर्ण असतं. ती बुरशी वेगळी, आणि ती केसाच्या आतच शिरलेली असते. कोणतंही तेल किंवा शाम्पू तिथवर पोचत नाही. त्याला पोटातूनच औषध लागतं, आणि उशीर झाला तर तिथे कायमचं टक्कल पडू शकतं. त्यामुळे घरगुती प्रयोगात दिवस न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

साध्या, सौम्य कोंड्यासाठी पुरेशा प्रमाणातलं टी ट्री किंवा गवती चहाचं तेल वापरून पाहायला हरकत नाही. शाम्पू त्वचेवर चोळा, केसांवर नुसता फेस करू नका, आणि धुण्याआधी घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा. महिन्याभरात फरक दिसला नाही तर डॉक्टरांकडून किटोकोनॅझोलसारखं औषध घ्या, त्यात कमीपणा नाही. ही बुरशी डोक्यावरून कायमची जात नाही, त्यामुळे कोंडा गेल्यावरही अधूनमधून उपचार चालू ठेवावा लागतो. आणि दुकानात बाटली हातात घेतली की तिच्यावर कोणतं पान छापलंय ते पाहत बसू नका, तेल किती टक्के आहे ते शोधा. ते कुठेच लिहिलेलं नसेल, तर तुम्ही पैसे देताय ते वासाचे.